शितावरून भाताची परीक्षा कधी चुकते?
(संगणकावरील विमानातून दिसणारी जमीन का लुकलुकते आणि ती शांत कशी करावी)



आपल्या गावाच्या आकाशातून जाणारे विमान तुम्ही रोज पाहता. हिंडलगा बेळगाव शहराच्या पश्चिमेला आहे आणि सांबरा विमानतळ पूर्वेला. सांबऱ्याची धावपट्टी १९४२ मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तयार झाली. नवीन प्रवासी इमारत सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झाली. २०२१ मध्ये भारतीय विमानतळ प्राधिकरणाने वैमानिक प्रशिक्षण संस्थांसाठी देशातील जे पाच विमानतळ निवडले, त्यांत बेळगावचे नाव होते. त्यामुळे वैमानिक होण्याचे स्वप्न पाहणारी मुले-मुली आपल्या भागात असणे साहजिकच आहे.

प्रत्यक्ष विमानात बसण्याआधी या मुलांची पहिली ओळख बहुधा संगणकावरील विमानाशी होते. याला 'फ्लाइट सिम्युलेटर' म्हणतात. आपण त्याला 'आभासी विमान' म्हणू. 'फ्लाइटगिअर' नावाचे असे एक सॉफ्टवेअर मोफत मिळते. त्यात जगातील विमानतळ, डोंगर, नद्या, शेते दाखवलेली असतात. कोणालाही आपल्या गावाचे दृश्य तयार करून त्यात घालता येते. मार्कंडेय नदी, राकसकोपचा जलाशय, वेंगुर्ला रस्ता, किल्ल्याचा खंदक, राजहंसगड हे सारे आपण स्वतः त्यात उभे करू शकतो.

पण असे दृश्य तयार करून उड्डाण केले की एक तक्रार हमखास येते. जवळची जमीन छान दिसते, पण दूरची शेते, कौलारू छपरे, कुंपणे आणि धावपट्टीवरचे पट्टे सतत लुकलुकतात. विमान पुढे जाऊ लागले की दूरच्या शेतात जणू मुंग्या वळवळत आहेत असे वाटते. मग कोणी म्हणते, "संगणक जुना झाला, नवीन ग्राफिक्स कार्ड घ्या." घरच्यांना हजारो रुपयांचा खर्च सांगितला जातो. पुष्कळदा त्याची गरज नसते. चूक कोठे होते हे कळले तर उपाय आपल्या हातात असतो. त्यासाठी लागणारे गणित नववी-दहावीच्या पुस्तकात आहेच.

१. हे मृगजळ नव्हे

उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर दूरची वस्तू थरथरताना दिसते. तेथे तापलेल्या हवेमुळे प्रकाशकिरण वाकतात, म्हणजे थरथरण्याचे कारण बाहेर निसर्गात असते. आभासी विमानातील लुकलुक मात्र निसर्गात नाहीच. ती चित्र काढण्याच्या पद्धतीतून निर्माण होते. खऱ्या विमानाच्या खिडकीतून पाहिले तर दूरचे शेत शांत, एकसारखे हिरवट दिसते.

२. चित्र कसे तयार होते?

संगणकाचा पडदा बारीक चौकोनी ठिपक्यांचा बनलेला असतो. या ठिपक्याला 'पिक्सेल' म्हणतात. पुष्कळ पडद्यांवर आडवे १९२० आणि उभे १०८० पिक्सेल असतात. प्रत्येक पिक्सेलला एका वेळी एकच रंग देता येतो.

आभासी जमीन दोन गोष्टींची बनते. पहिली म्हणजे चढ-उतार दाखवणारा सांगाडा. दुसरी म्हणजे त्यावर चादरीसारखे अंथरलेले चित्र, त्याला 'टेक्स्चर' म्हणतात. हे चित्रही ठिपक्यांचे असते. पडद्याच्या ठिपक्याशी घोटाळा होऊ नये म्हणून चित्राच्या ठिपक्याला 'टेक्सेल' हे वेगळे नाव आहे. चित्र अंथरण्याची ही कल्पना अमेरिकेतील एडविन कॅटमल यांनी १९७४ मध्ये आपल्या प्रबंधात मांडली.

आता संगणक काय करतो? पडद्यावरच्या एका पिक्सेलमधून सरळ रेषेत पाहिले तर जमिनीवर कोठे नजर पडते ते तो काढतो. तेथे जो टेक्सेल सापडेल त्याचा रंग उचलून पिक्सेलला देतो. आपली आई भात शिजला का हे एक शीत दाबून पाहते, तसेच हे आहे.

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण पातेल्यातली सगळी शिते जवळपास सारखी असतात. पण एका पातेल्यात भात, वाटाणे आणि गाजराचे तुकडे एकत्र असतील तर? एकदा चमच्यात वाटाणा येईल, पुढच्या वेळी गाजर. एका चमच्यावरून कोणी सांगेल "पातेले हिरवे आहे", दुसऱ्या वेळी सांगेल "पातेले तांबडे आहे". पातेले तेच, पण उत्तर प्रत्येक वेळी वेगळे. दूरच्या शेताच्या बाबतीत संगणकाचे नेमके असेच होते.

३. एका पिक्सेलमध्ये किती जमीन मावते?

समजा, पडद्यावर ६० अंशांचे दृश्य दिसते. समोर 'अ' मीटर अंतरावर दिसणाऱ्या दृश्याची रुंदी अशी निघते:

रुंदी = २ × अ × टॅन ३०° = सुमारे १.१५५ × अ

ही रुंदी १९२० पिक्सेलमध्ये वाटली की एका पिक्सेलच्या वाट्याला येणारी रुंदी मिळते.

१ किलोमीटर अंतरावर : सुमारे ०.६ मीटर
५ किलोमीटर अंतरावर : सुमारे ३ मीटर
१० किलोमीटर अंतरावर : सुमारे ६ मीटर

ही झाली रुंदी. जमीन आपल्यासमोर भिंतीसारखी उभी नसते, आडवी पसरलेली असते. म्हणून पिक्सेलची लांबी त्याहून पुष्कळ जास्त जमीन व्यापते. विमान जमिनीपासून ५०० मीटर उंचीवर आहे आणि आपण ५००० मीटर अंतरावरचे शेत पाहतो असे धरा. समरूप त्रिकोणांवरून प्रमाण ५०० : ५०००, म्हणजे १ : १० येते. म्हणून पिक्सेल जमिनीवर ३ मीटर रुंद, पण ३० मीटर लांब पट्टा व्यापतो.

जमिनीच्या चित्रातील एक टेक्सेल ३० सेंटीमीटरचा असेल तर त्या पट्ट्यात १० × १०० = १००० टेक्सेल येतात. संगणक त्यातला एक उचलतो आणि ९९९ सोडून देतो!

आता विमान १२० नॉट वेगाने जात आहे. हा वेग ताशी सुमारे २२२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला जवळपास ६२ मीटर. पडद्यावर सेकंदाला ३० चित्रे येत असतील तर दोन चित्रांच्या दरम्यान विमान २ मीटर पुढे सरकते. म्हणजे पुढच्या चित्रात तोच पिक्सेल सहा-सात टेक्सेल पलीकडचा रंग उचलतो. एकदा बांधावरची माती, एकदा पिकाचा हिरवा, एकदा पाटातले चमकते पाणी. सेकंदाला ३० वेळा असा रंग बदलला की लुकलुक दिसणारच.

४. नसलेले पट्टे कोठून येतात?

लुकलुक ही तक्रारीची एक बाजू. दुसरी बाजू अधिक फसवी आहे. दूरच्या शेतात कधी कधी रुंद, वाकडे पट्टे दिसतात आणि ते सरकतातही. प्रत्यक्षात तसे पट्टे शेतात नसतात.

चार फुटी सरीचा ऊस घ्या. एका सरीपासून दुसरी सरी सुमारे १.२ मीटरवर येते. सरी ओळखू यायची तर तिच्या प्रत्येक आवर्तनात किमान दोन नमुने हवेत: एक उंचवट्याचा, एक खोलगटाचा. हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये आणि क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये तारायंत्र व दूरसंचार यांच्या संदर्भात हा विचार मांडला. आज गाणे रेकॉर्ड करतानाही तोच नियम पाळतात.

१.२ मीटरला दोन नमुने म्हणजे दर ०.६ मीटरला एक नमुना. वरच्या हिशोबाप्रमाणे हे फक्त १ किलोमीटरपर्यंत शक्य आहे. त्यापुढे या पडद्यावर सऱ्या दाखवताच येणार नाहीत. तरी संगणक एकेक टेक्सेल उचलत राहिला तर काय होईल? सुमारे २१६० मीटरवर पिक्सेलची रुंदी १.३ मीटर होते. प्रत्येक नमुना सरीच्या मानाने ०.१ मीटर, म्हणजे सरीच्या बाराव्या भागाने पुढे सरकतो. बारा नमुन्यांनंतर पुन्हा पहिली स्थिती येते. १२ × १.३ = १५.६. म्हणजे १.२ मीटरच्या सऱ्यांऐवजी १५.६ मीटर रुंद आवर्तनाचे खोटे पट्टे दिसतात.

या दोषाला 'अलियासिंग' म्हणतात. अलियास म्हणजे टोपणनाव. बारीक नक्षी रुंद पट्ट्याचे सोंग घेऊन येते, म्हणून हे नाव. हाच प्रकार तुम्ही इतरत्रही पाहिला असेल. दूरदर्शनवर बारीक रेघांचा शर्ट घातलेला माणूस हलला की शर्टावर रंगीत लाटा उठतात. सिनेमात पुढे धावणाऱ्या टांग्याचे चाक उलटे फिरताना दिसते. तेथे जागेऐवजी वेळेचे नमुने कमी पडतात, एवढाच फरक.

५. करून पाहा

साहित्य : चौकटीचा कागद, काळी पेन्सिल.

कृती : एका ओळीत ४० चौकोन आखा व त्यांना १ ते ४० क्रमांक द्या. पहिले दोन काळे, पुढचे दोन पांढरे, पुन्हा दोन काळे, दोन पांढरे अशी संपूर्ण ओळ रंगवा. हे आपले शेत.

(अ) प्रत्येक पाचवा चौकोन वेचा : १, ६, ११, १६, २१... त्यांचे रंग क्रमाने लिहा.
निरीक्षण : काळा, काळा, पांढरा, पांढरा, काळा... पट्टे मिळाले खरे, पण ते मूळ ४ चौकोनांच्या आवर्तनाचे नाहीत. ते २० चौकोनांचे आवर्तन दाखवतात. हे खोटे पट्टे.

(आ) आता विमान दोन चौकोन पुढे सरकले असे समजा. ३, ८, १३, १८... वेचा.
निरीक्षण : पांढरा, पांढरा, काळा, काळा. शेत जागचे हलले नाही, पण चित्र पूर्ण उलटे झाले. हीच लुकलुक.

(इ) आता वेचू नका, सरासरी काढा. १ ते ५, ६ ते १०, ११ ते १५, १६ ते २० असे गट पाडून प्रत्येक गटात किती भाग काळा आहे ते लिहा.
निरीक्षण : ३/५, ३/५, २/५, २/५. सगळे करडे. थोडा फरक उरला, पण काळ्या-पांढऱ्याची उलटापालट गेली.

(ई) आठ-आठ चौकोनांचे गट पाडून पुन्हा मोजा.
निरीक्षण : प्रत्येक गट १/२. फरक शून्य.

निष्कर्ष : जो तपशील दाखवता येत नाही, तो आधी सरासरीत मिसळून टाकावा आणि मगच नमुना घ्यावा. मग चित्र बारीक नसले तरी खरे राहते. लुकलुकीचे सर्व उपाय या एका वाक्यात आले.

६. सरासरीची तयारी आधीच

प्रत्येक पिक्सेलसाठी १००० टेक्सेलची सरासरी, पडद्यावर २० लाखांहून अधिक पिक्सेल आणि सेकंदाला ३० चित्रे. एवढी बेरीज उड्डाण चालू असताना करणे जड जाते. यावर लान्स विल्यम्स यांनी १९८३ मध्ये सोपा तोडगा सुचवला: सरासऱ्या आधीच काढून ठेवाव्यात.

१०२४ × १०२४ टेक्सेलचे चित्र घ्या. शेजारच्या चार-चार टेक्सेलची सरासरी घेऊन ५१२ × ५१२ चे चित्र करा. त्याचे २५६ × २५६, मग १२८ × १२८, असे करत शेवटी एकच टेक्सेल उरेपर्यंत जा. एकूण ११ चित्रे होतात. या उतरंडीला 'मिपमॅप' म्हणतात. 'मिप' ही अक्षरे 'मल्टम इन पार्व्हो' या लॅटिन शब्दांवरून घेतली आहेत. अर्थ: थोडक्यात पुष्कळ.

अकरा चित्रे म्हणजे अकरापट जागा लागेल का? नाही. हे भूमितीश्रेणीचे उदाहरण आहे:

१ + १/४ + १/१६ + १/६४ + ... = १ ÷ (१ − १/४) = ४/३

फक्त एक तृतीयांश जागा जास्त लागते. प्रत्यक्ष मोजले तर मूळ चित्रात १०,४८,५७६ टेक्सेल असतात आणि सर्व अकरा चित्रांत मिळून १३,९८,१०१.

आपल्या चित्रात टेक्सेल ३० सेंटीमीटरचा होता. उतरंडीत तो पुढे ०.६, १.२, २.४, ४.८, ९.६, १९.२, ३८.४ मीटर असा दुप्पट होत जातो. पिक्सेल ३ मीटरचा असेल तर २.४ आणि ४.८ या दोन पायऱ्यांमधून रंग घेऊन त्यांचे मिश्रण करतात. दोन पायऱ्या अशा मिसळण्याला 'ट्रायलिनिअर फिल्टरिंग' म्हणतात. मिश्रण केले नाही तर एक पायरी संपून दुसरी सुरू होते तेथे जमिनीवर रेघ दिसते.

७. लांब पट्ट्याची अडचण

पण आपला पिक्सेल ३ मीटर रुंद आणि ३० मीटर लांब आहे. कोणती पायरी घ्यायची? रुंदी पाहून ३ मीटरची घेतली तर लांबीच्या दिशेने लुकलुक राहते. लांबी पाहून ३० मीटरची घेतली तर लुकलुक जाते, पण सगळे पुसट होते. वेंगुर्ला रस्ता शेतात विरघळून जातो.

यावर उपाय असा: बारीक पायरी घ्यावी, पण लांबीच्या दिशेने ओळीने दहा नमुने घेऊन त्यांची सरासरी करावी. ३० ÷ ३ = १०. यालाच 'ॲनिसोट्रॉपिक फिल्टरिंग' म्हणतात. सेटिंगमध्ये त्यापुढे २, ४, ८, १६ असे आकडे दिसतात. १६ म्हणजे गरज पडेल तेथे १६ नमुन्यांपर्यंत जाण्याची परवानगी. आपल्या उदाहरणात १० हवेत, म्हणून ८ थोडे कमी पडतील आणि १६ पुरतील. फ्लाइटगिअरमध्ये 'टेक्स्चर फिल्टरिंग' या नावाने हा आकडा बदलता येतो.

८. धावपट्टीवर याचे महत्त्व काय?

शेत लुकलुकले तर फक्त डोळ्यांना त्रास. धावपट्टीची गोष्ट वेगळी. सांबऱ्याची धावपट्टी २३०० मीटर लांब आणि ४५ मीटर रुंद आहे. आंतरराष्ट्रीय पद्धतीप्रमाणे ४५ मीटर रुंद धावपट्टीच्या सुरुवातीला १२ पांढरे पट्टे असतात. प्रत्येक पट्टा सुमारे १.८ मीटर रुंद व ३० मीटर लांब, आणि मधले अंतर साधारण तेवढेच. उतरताना वैमानिकाला धावपट्टी कोठून सुरू होते हे त्यावरून कळते.

एक पट्टा आणि एक फट मिळून ३.६ मीटर. दोन नमुन्यांसाठी पिक्सेल १.८ मीटरचा हवा, म्हणजे अंतर ३ किलोमीटर. विमान नेहमीच्या ३ अंशांच्या उताराने येत असेल तर तेथे त्याची उंची सुमारे १५७ मीटर असते आणि पिक्सेलची लांबी जमिनीवर ३४ मीटर होते. पट्टा तर ३० मीटरचाच! म्हणजे तीन किलोमीटरवर हे पट्टे पडद्यावर जेमतेम एका पिक्सेलच्या उंचीचे आहेत. सरासरी न काढता नमुने घेतले तर एका चित्रात ते दिसतील, दुसऱ्यात गायब होतील.

आपल्या डोळ्याचा कडेचा भाग बारीक आकार ओळखण्यात कमी पडतो, पण हालचाल आणि लुकलुक चटकन टिपतो. खऱ्या विमानात ही देणगी उपयोगी पडते, कारण दुसरे विमान जवळ आले तर त्याची हालचाल लक्ष वेधते. आभासी विमानात मात्र सगळी जमीनच लुकलुकत असेल तर शिकणाऱ्याचे लक्ष भलतीकडे ओढले जाते किंवा हळूहळू त्याला हालचालीकडे दुर्लक्ष करण्याची सवय लागते. दोन्ही गोष्टी वैमानिकाला घातक. म्हणून प्रशिक्षणासाठी वापरायच्या दृश्यात देखणेपणापेक्षा स्थिरपणा महत्त्वाचा.

९. दोष कसा शोधावा?

सगळी बटणे एकदम बदलू नयेत. विज्ञानाच्या प्रयोगात आपण एकच घटक बदलतो, बाकीचे स्थिर ठेवतो. तसेच येथे करावे. विमानाची जागा, उंची, वेग, दिवसाची वेळ आणि हवामान ठरवून ते उड्डाण साठवून ठेवा. दर वेळी तेथूनच सुरुवात करा आणि निरीक्षणे वहीत लिहा.

(१) सगळीकडची जमीन लुकलुकते : सेटिंगमध्ये मिपमॅप व ट्रायलिनिअर चालू आहेत का पाहा. मग ॲनिसोट्रॉपिक ८ किंवा १६ करा.

(२) फक्त एका गावाचे किंवा एका विमानतळाचे दृश्य लुकलुकते, शेजारची जमीन शांत आहे : दोष संगणकाचा नसून त्या दृश्याच्या फाइलमध्ये आहे. बनवणाऱ्याने मिपमॅपची उतरंड घातलेली नसावी. नवीन कार्ड घेऊन हा दोष जात नाही. चित्र मिपमॅपसह पुन्हा साठवावे लागते. 'डीडीएस' प्रकारच्या फाइलमध्ये सर्व पायऱ्या एकत्र राहतात.

(३) 'एलओडी बायस' नावाचा आकडा उणे आहे : असे केल्याने संगणक गरजेपेक्षा बारीक पायरी घेतो. स्थिर चित्र रेखीव दिसते, पण विमान हलताच लुकलुक सुरू होते. आकडा शून्यावर आणा.

(४) जमीन शांत, पण छपरांच्या व इमारतींच्या कडा जिन्यासारख्या दिसतात : हा कडांचा दोष. त्यासाठी 'अँटिअलियासिंग' चालू करा. त्याचा 'मल्टिसॅम्पल' हा प्रकार कडा सुधारतो, टेक्स्चरच्या आतली लुकलुक घालवत नाही. या दोन्ही गोष्टींत पुष्कळांचा घोटाळा होतो.

(५) झाडांची पाने आणि जाळीची कुंपणे चमचमतात : त्यांच्या चित्रात आरपार भोके असतात. सरासरी काढल्यावर अर्धवट भोक ठेवायचे की बुजवायचे हे संगणक एका फटक्यात ठरवतो, म्हणून ती दिसतात-लपतात. दूरच्या झाडांसाठी साधे, भरीव रूप वापरावे.

(६) रस्त्याचा किंवा धावपट्टीचा मोठा तुकडा दिसतो-लपतो, त्याजागी गवत येते : ही लुकलुक वेगळ्या जातीची आहे. दोन पृष्ठभाग एकाच उंचीवर ठेवले की वर कोण, हे संगणकाला ठरवता येत नाही. याला 'झेड फायटिंग' म्हणतात. सरासरीने हे जात नाही. खालची जमीन तेवढी कापावी किंवा वरचा पृष्ठभाग किंचित उचलावा.

(७) एवढे करूनही त्रास उरला आणि संगणकात ताकद शिल्लक आहे : दृश्य दुप्पट लांबी-रुंदीत काढून लहान करण्याची सोय असल्यास वापरा. यात काम चौपट होते. नव्या सॉफ्टवेअरमध्ये आधीच्या चित्रांशी सरासरी घेण्याची पद्धत असते. ती लुकलुक चांगली कमी करते, पण वेगाने जाणाऱ्या वस्तूमागे पुसट सावली सोडते.

दुप्पट पिक्सेलचा महागडा पडदा घेतला तर? उसाच्या सऱ्या १ ऐवजी २ किलोमीटरपर्यंत दिसतील. त्यापुढे पुन्हा तोच प्रश्न. क्षितिज तर त्याहून पुष्कळ दूर आहे.

१०. आपल्या गावाचे दृश्य बनवणाऱ्यांसाठी

जमिनीचे चित्र रेखीव दिसावे म्हणून त्याला फार धार देऊ नका. धार देणे म्हणजे शेजारच्या टेक्सेलमधील फरक वाढवणे, आणि फरक जितका मोठा तितकी लुकलुक जास्त. पांढराशुभ्र बांध आणि काळीभोर माती खऱ्या शेतात नसतेच.

सरासरी काढतानाही एक खुबी आहे. संगणकात काळा म्हणजे ० आणि पांढरा म्हणजे २५५. दोन्ही समप्रमाणात मिसळले तर उत्तर १२८ येईल असे वाटते. पण फाइलमधील आकडे प्रकाशाच्या सम प्रमाणात नसतात. निम्म्या प्रकाशाचा आकडा सुमारे १८८ येतो. १२८ धरले तर दूरचे शेत जवळच्यापेक्षा काळपट दिसते. म्हणून मिपमॅप बनवताना 'गामा' दुरुस्तीची सोय असेल तर ती चालू ठेवा.

आणि प्रत्येक कौल काढण्याचा हट्ट धरू नका. घर जवळ आल्यावर कौले दिसावीत. दूरून गावाचा तांबूस रंग, भातशेतीचा हिरवा आणि नदीची रेघ एवढे स्थिर दिसले तरी पाहणारा म्हणेल, "हे आपले हिंडलगा." चित्रकारही दूरच्या झाडाची पाने मोजत नाही.

स्वाध्याय

१. दृश्य ६० अंशांचे व पडद्यावर आडवे ३८४० पिक्सेल असतील तर ४ किलोमीटरवर एका पिक्सेलची रुंदी किती?
२. ५१२ × ५१२ टेक्सेलच्या चित्राच्या मिपमॅपमध्ये एकूण किती पायऱ्या होतील?
३. विमान ३०० मीटर उंचीवर असून ६००० मीटरवरचे शेत पाहत आहे. पिक्सेलच्या रुंदीच्या किती पट लांबी जमिनीवर व्यापली जाईल? ॲनिसोट्रॉपिकचा १६ हा आकडा पुरेल का?
४. निपाणीच्या एका तंबाखूच्या शेतात दोन ओळींत ०.९ मीटर अंतर आहे. लेखातील १९२० पिक्सेलच्या पडद्यावर या ओळी किती अंतरापर्यंत खऱ्या दिसतील?
५. भाग ५ मधील प्रयोग तीन काळे, तीन पांढरे अशा ओळीवर करा. सात-सात चौकोनांनी वेचल्यास खोटे पट्टे किती चौकोनांचे दिसतात?

उत्तरे : (१) सुमारे १.२ मीटर. (२) १०. (३) २० पट. १६ थोडे कमी पडेल, किंचित पुसटपणा राहील. (४) सुमारे ७५० मीटर. (५) ४२.